तळहाताएवढ्या संगणकाच्या हाती घर

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट हे घर सांभाळणारं सॉफ्टवेअर चढवायचं आणि घरातले दिवे, पंखे, गिझर, टाकीचा पंप त्याच्या ताब्यात द्यायचे, हे आता सुट्टीच्या एका दिवसात होतं. इथवर यायला चाळीसेक वर्षं लागली. या वाटेवरच्या बऱ्याच गोष्टी मुळात भलत्याच कामासाठी बनल्या होत्या, म्हणून त्यांचा मागोवा घ्यावासा वाटतो.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेसची. तिथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये एक्स-१० हे घरातली उपकरणं दुरून चालवण्याचं तंत्र तयार केलं. कंपनी कॅल्क्युलेटरच्या चिप बनवणारी. हा तिचा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव. कल्पना आजही सुंदर वाटते: नवी वायर ओढायचीच नाही. भिंतीत आधीच असलेल्या विजेच्या तारेतून १२० किलोहर्ट्‌झचा संकेत सोडायचा, तोही एसीची लाट शून्यावर येते नेमक्या त्या क्षणी, कारण तेव्हा तारेतला गोंगाट कमी असतो. सोळा अक्षरं आणि सोळा आकडे, म्हणजे २५६ उपकरणांना पत्ते देता येत. १९७८ पासून अमेरिकेतल्या दुकानांत ते मिळू लागलं. पण बहुतेक उपकरणांकडून पोच येत नसे. दिवा खरंच लागला का, हे उठून बघावं लागे.

पोच देणारी, कमी शब्दांची बोली आली ती तेलाच्या पाइपलाइनवरून. १९९९ मध्ये आर्लेन निपर आणि आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क यांना पाइपलाइनवरची मापं उपग्रहामार्फत गोळा करायची होती. उपग्रहावरून पाठवलेला प्रत्येक बाइट महाग, म्हणून त्यांनी निरोपाचा मथळा दोन बाइटांत बसेल असा आखला. मध्ये एक ब्रोकर, म्हणजे निरोप पोचवणारा मध्यस्थ. सांगणारा एका विषयाखाली निरोप टाकतो आणि ज्याने त्या विषयासाठी नाव नोंदवलंय त्याला तो मिळतो. हेच एमक्यूटीटी. आज स्वयंपाकघरातला स्विच आणि राउटरशेजारचा पाय अनेक घरांत याच बोलीत बोलतात.

आणि खुद्द पाय? तो शाळकरी मुलांसाठी होता. केंब्रिजमध्ये कम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी दोन्ही घसरताना एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होती. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधल्या मुलांना बीबीसी मायक्रो या संगणकावर प्रोग्रॅम लिहून बघता येत. तसं काहीतरी स्वस्तात पुन्हा त्यांच्या हाती द्यायचं होतं. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय विक्रीला आला: किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ एमबी. मोठ्यांनी तो चटकन उचलला, कारण मोजक्या वॅटवर, पंख्याशिवाय, आवाज न करता तो चोवीस तास चालू ठेवता येत होता. जुना पीसी रात्रंदिवस चालू ठेवला तर विजेचं बिल काय येईल, हे सांगायला नको.

२०१३ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात राहणाऱ्या पाउलुस स्काउटसेन या डच तरुणाने पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. सूर्यास्ताला घरातले फिलिप्स ह्यूचे दिवे आपोआप लागावेत, एवढंच त्याला हवं होतं. त्यातूनच होम असिस्टंट वाढलं. त्याआधी २०१० पासून जर्मनीतल्या काय क्रॉयत्सर यांचं ओपनहॅब हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर होतंच. दोन्ही खुल्या स्रोताची, आणि दोघांचीही धारणा एकच: निर्णय घरातच व्हावेत.

ही धारणा किती मोलाची आहे ते २०१६ मध्ये कळलं. रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातली उपकरणं एकत्र जोडणारा सुमारे ३०० डॉलरचा हब लोकांनी आजीवन सेवेच्या शब्दावर घेतला होता. २०१४ मध्ये नेस्टने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला तिचा सर्व्हर बंद केला. हब धडधाकट होता. दूरवरचा सर्व्हर गेला म्हणून तो निकामी झाला. माझ्या मते घरचं ऑटोमेशन घरच्याच संगणकावर का हवं, याला दुसरा पुरावा लागत नाही. इंटरनेट गेलं तरी जिन्यातला दिवा लागलाच पाहिजे.

त्याच वर्षी पाय ३ आला, वायफाय आणि ब्लूटूथ बोर्डावरच घेऊन. २०१७ मध्ये होम असिस्टंटचं हॅस.आयओ हे तयार रूप आलं आणि अख्खी व्यवस्था एका एसडी कार्डावर लिहून थेट सुरू करता येऊ लागली. त्याआधी पायथॉन बसवण्यापासून सगळं हाताने करावं लागे. शांघायच्या एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ ही स्वस्त वायफाय चिप २०१४ पासून बाजारात होतीच. तिच्यावर टास्मोटा किंवा ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर घातलं की साधा रिले, म्हणजे संकेतावर चालणारा स्विच, थेट पायशी बोलू लागतो.

इथे आपल्या घरांची एक सोय कामी येते. आपल्याकडे स्विचबोर्डावरच प्लगचा पॉइंट असतो, त्यामुळे न्यूट्रल बहुधा तिथवर आलेला असतो. अमेरिकेतल्या कित्येक जुन्या घरांत स्विचच्या डबीत तो नसतोच, आणि बऱ्याच स्मार्ट स्विचना तो लागतो, म्हणून ते बसवताना तिथली मंडळी अडतात. आपली अडचण वेगळी, वीज जाण्याची. पाय कार्डावर सतत नोंदी लिहीत असतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडू शकतं. म्हणून पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत, आणि जमल्यास कार्डाऐवजी एसएसडी लावावी. फेज-न्यूट्रलला हात लावायची वेळ आली की वायरमनला बोलवावं.