चिखलातला बॅक्टेरिया, पेटंट आणि छोटी कंपनी : थोडी पार्श्वभूमी

गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोठ्या फार्मा कंपन्यांचं इथे काही नाही, त्यांच्याकडे पेटंटसाठी वेगळी माणसं पगारावर असतात. बोलायचंय ते झुआरीनगर, ताळगाव पठार, दोनापावल या पट्ट्यातल्या लॅबमधून बाहेर पडून खारफुटीच्या चिखलातला नाहीतर समुद्रातला एखादा बॅक्टेरिया घेऊन कंपनी काढणाऱ्या दोन-तीन जणांबद्दल. पेटंटमुळे त्यांचं संशोधन वाढतं की अडतं असं विचारतात, पण माझ्या मते पेटंटपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या अटींनीच त्यांना जास्त वळवलंय.

जुनं सगळं पटकन उरकतो. १९६१ पर्यंत आमच्याकडे पोर्तुगीज कायदा, बाकी देशात १९११ चा इंग्रजांचा. मग १९७० चा पेटंट कायदा आला, तो १९७२ पासून लागू झाला आणि त्यात औषध आणि खाद्यपदार्थ यांच्यावर पेटंट बंद, फक्त बनवायच्या पद्धतीवर, तेसुद्धा पाच ते सात वर्षं. अमेरिकेत १९८० मध्ये तेल खाणाऱ्या बॅक्टेरियावर पेटंट देता येतं हे सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, त्यामागचा शास्त्रज्ञ मूळचा बंगालचा. आपल्याकडे १९९७ मध्ये हैदराबादच्या एका छोट्या कंपनीने हेपटायटिस बीची लस जनुकीय तंत्राने बनवून बाजारात आणली आणि किमती धाडकन खाली आल्या, तेव्हा लसीवर प्रॉडक्ट पेटंट, म्हणजे तयार वस्तूवरचं पेटंट, मिळतच नव्हतं. पेटंट नसेल तर कोणी काही नवीन करणारच नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता २००२. जानेवारीत कोलकात्याच्या हायकोर्टाचा निकाल आला. एका स्विस कंपनीने कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरची लस बनवायच्या पद्धतीवर पेटंट मागितलं होतं. पेटंट ऑफिसने नाही म्हटलं, कारण शेवटी जे हातात येतं त्यात जिवंत विषाणू आहे, मग ते बनवलेलं कसलं, ही तर निसर्गाचीच करणी. कोर्ट म्हणालं, शेवटची वस्तू जिवंत असली तर पेटंट नाही असं कायद्यात कुठे लिहिलंय? पद्धत नवी असेल आणि तिच्यातून विकता येण्यासारखं काही तयार होत असेल तर एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, परत बघा. नंतर पेटंट मिळालं.

हा निकाल सगळीकडे 'भारतात जिवंत गोष्टीवर पेटंट सुरू झालं' असा सांगितला जातो आणि ते मला अजिबात पटत नाही. मागणी पद्धतीवरची होती, लसीवरची नव्हती, आणि औषधावर प्रॉडक्ट पेटंट तर १ जानेवारी २००५ नंतरच सुरू झालं. म्हणजे कोर्टाने दार उघडलं ते एका फटीएवढं. खरी विभागणी २००२ मध्येच पेटंट कायद्यात केलेल्या दुरुस्तीने झाली, ती मे २००३ मध्ये लागू झाली. कलम ३(जे) म्हणतं झाडं, प्राणी, बियाणं यांच्यावर पेटंट नाही, सूक्ष्मजीव मात्र चालतील. आणि कलम ३(सी) म्हणतं निसर्गात असलेली जिवंत गोष्ट नुसती शोधून काढली तर तिच्यावर नाही.

दोन्ही एकत्र वाचा. जनुकं बदललेला बॅक्टेरिया असेल तर पेटंटची शक्यता, चोडण बेटावरच्या खारफुटीतून आणून लॅबमधल्या प्लेटवर नुसता वाढवलेला असेल तर नाही. आणि छोट्या कंपनीच्या हातात बहुतेक वेळा हा दुसराच असतो, पहिल्याला मशिनरी, माणसं, बायोसेफ्टीच्या परवानग्या सगळंच लागतं.

समजा कोणी खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या, कोळंबीसाठी प्रोबायोटिक, म्हणजे तिला फायद्याच्या बॅक्टेरियाची पावडर, बनवलं. बॅक्टेरियावर पेटंट नाही. तीन बॅक्टेरिया एकत्र केले तर ३(ई) आडवं येतं, नुसतं मिश्रण चालत नाही, एकत्र आल्यावर वेगळा परिणाम होतो हे आकड्यांनी दाखवा, म्हणजे तळ्यातल्या ट्रायल आल्या, त्यांचा खर्च आला. कोळंबीचा रोग घालवायची किंवा तिची किंमत वाढवायची उपचारपद्धत म्हणून मागायला गेलात तर ३(आय) नाही म्हणतं. मग उरतं काय, तर वाढवायची पद्धत, सुकवायची पद्धत, पावडर टिकवायची युक्ती. म्हणून डोकं तिकडेच चालवलं जातं, बॅक्टेरिया काय करतो यापेक्षा तो पुडीत किती महिने जगतो यावर. हे वाईटच आहे असं नाही, शेतकऱ्याला टिकणारी पुडीच हवी असते, पण दिशा कायद्याने दिली हे खरं.

खर्चाचं बरंच सुधारलंय. सूक्ष्मजीव मान्यताप्राप्त ठिकाणी जमा करावा लागतो, तशी देशातली पहिली जागा २००२ मध्ये चंदीगडला झाली आणि २०११ मध्ये पुण्याला, ती आपल्याला जवळची. अर्ज मुंबईच्या ऑफिसात जातो, ऑनलाइन भरला की स्टार्टअपला फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. एजंटची फी वेगळी, आणि परदेशात अर्ज करायचा झाला की गोष्ट लाखांत जाते.

पण सगळ्यात मोठी कटकट पेटंट कायद्यात नव्हतीच, ती २००२ च्याच जैवविविधता कायद्यात होती. इथलं जैविक साहित्य वापरून शोध लावला तर पेटंटसाठी चेन्नईतल्या जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागायची. पेटंट ऑफिस बाकी सगळ्यावर समाधानी असलं तरी तो कागद येईपर्यंत पेटंटची मंजुरी अडकून. वर कंपनीच्या भांडवलात किंवा मॅनेजमेंटमध्ये जरासुद्धा परदेशी सहभाग असेल तर नुसता चिखल उचलायलासुद्धा आधी परवानगी लागायची. गोव्यात हे किती घरांना लागू व्हायचं बघा. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या चुलतभावाने प्रेमाने दोन टक्के शेअर घेतले की कंपनी त्या कलमात गेली! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हळद आणि कडुनिंबावर पेटंट घेणारे परदेशी होते, हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतल्याचं सगळ्यांच्या ताज्या आठवणीत होतं, आणि ती भीती खोटी नव्हती. जाळ्यात मात्र आपलीच छोटी मासळी जास्त सापडली.

जैवविविधता कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आता कंपनी परदेशी माणसाच्या ताब्यात आहे का एवढंच बघतात, चुलतभावाचे दोन टक्के चालतात. भारतीय कंपनीने पेटंट मिळण्याआधी प्राधिकरणाकडे फक्त नोंदणी करायची, परवानगी प्रॉडक्ट बाजारात आणताना. संशोधकाला हे सोपं झालं. पैसे घालणारा मात्र आता पहिल्याच मीटिंगला विचारणार की माल तयार झाल्यावर ती परवानगी किती दिवसांत येईल आणि फायद्यातला किती वाटा द्यावा लागेल, आणि त्याचं पक्कं उत्तर त्या दिवशी कंपनीकडे नसतं.