पालखेड आणि असई: लढाई कुठली, मोहीम कुठली?

टेबलावर छोटे सैनिक मांडून युद्धखेळ खेळतो आम्ही. त्यात पहिल्यांदा पालखेड, म्हणजे १७२८ साली बाजीरावानं निजामाला कोंडलं ते, खेळायला बसलो आणि अर्ध्या तासात कंटाळलो. प्लायवूडच्या मधोमध निजामाची फौज, भोवती मराठ्यांचं घोडदळ, पाणी तोडलेलं, निजामाच्या जड तोफा मागेच राहिलेल्या. आता फासे टाकून करायचं काय? मित्र म्हणाला, "भो, ह्याच्यात लढायचं काय आहे?" खरंच काही नव्हतं. सगळे तिला 'पालखेडची लढाई' म्हणतात म्हणून आम्ही लढाई मांडली होती. मुळात ती मोहीम.

छोट्या सैनिकांचे युद्धखेळ नव्याने खेळणारा माणूस ह्या दोन गोष्टींत हमखास गफलत करतो. मोहीम म्हणजे ओळीने पाच-सहा लढाया, क्रिकेटच्या मालिकेसारख्या, असं मलाही वाटायचं.

सुटी लढाई सोपी. दोघांच्या फौजा गुणांच्या हिशेबानं सारख्या करायच्या, पंधरा मिलिमीटरचे सैनिक टेबलावर मांडायचे, मोजपट्टी आणि फासे काढायचे. तीन तासांत निकाल, मग शेवभाजी. असई ह्याला फार छान. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून गेलं की पलीकडच्या मुलखात केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीनं केळणेचा उतार शोधून बगलेवर यायचा डाव टाकला, तर शिंद्यांच्या कवायती कंपूंनी (युरोपीय पद्धतीनं शिकवलेल्या पलटणींनी) तोंड फिरवून त्याच्यासमोर नवी फळी धरली. ते तोंड फिरवणं वेळेत जमतं की नाही, एवढ्यावर अख्खी संध्याकाळ रंगते. बारुदाच्या धुरासाठी आम्ही कापूस पिंजून लावतो. खानदेशात त्याला तोटा नाही.

पण असईची संध्याकाळ झाली की टेबलावरचा वेलस्ली डब्यात जातो. खऱ्या वेलस्लीला दुसऱ्या दिवशी जखमी उचलायचे होते. त्याची दीड हजारांवर माणसं पडली किंवा जायबंदी झाली होती, त्यामुळे लगेच पाठलाग शक्य नव्हता. जखमींचं इस्पितळ अजिंठ्यात निघालं. पुढं खानदेशात उतरून ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला तो इंग्रजांच्याच कर्नल स्टीव्हन्सनच्या ताज्या फौजेनं. हा सगळा हिशेब सुट्या लढाईत कुणी मागत नाही. मोहिमेत तोच मुख्य. आज पडलेलं पथक उद्या मिळत नाही, एवढ्या एका नियमानं सगळा खेळ बदलतो.

म्हणून पालखेड आम्ही पुन्हा काढलं, ह्या वेळी ड्रॉइंगशीटवर. तापी, पांझरा, गिरणा, गोदावरी आखल्या, घाट दाखवले, नकाशावर चौकोन पाडले. एक चौकोन म्हणजे एक मजल. नुसतं घोडदळ दिवसाला दोन मजला मारतं, तोफा आणि बुणगे (सामान वाहणारे, न लढणारे लोक) बरोबर असले की एकच. ज्या मुलखात मुक्काम पडला तिथली दाणावैरण संपते, दुसऱ्या फौजेला ती मिळत नाही. दोघांनी रात्री आपापली कूच माझ्या भाच्याला व्हॉट्सॲपवर कळवायची आणि दोघं एकाच चौकोनात आलो तरच त्यानं तोंड उघडायचं. हा तिसरा माणूस फार गरजेचा आहे. तो नसेल तर समोरच्याची फौज दिसत राहते आणि मोहिमेचं बुद्धिबळ होतं.

मित्र बाजीराव, मी निजाम. खरा बाजीराव १७२७च्या पावसाळ्यानंतर जालन्याकडून वऱ्हाडात शिरला, तिथून वळून खानदेशात आला, कुकुरमुंड्याला तापी ओलांडून गुजरातेत उतरला. निजाम पुण्यावर गेला तरी तो पुण्याच्या बचावाला धावला नाही. बऱ्हाणपूरची हूल देत फेब्रुवारी १७२८च्या मध्यात तो बेटावदला होता आणि महिनाअखेरीस निजाम पालखेडजवळ कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. एवढ्या महिन्यांत मोठी मैदानी लढाई अशी झालीच नाही.

हे सगळं माहीत असून मी फसलो! तोफा सोडवेनात आणि तोफांबरोबर वेगानं चालवेना.

एकदा मात्र मित्र हाती लागला. बेटावदच्या अलीकडे पांझरेच्या उतारावर त्याची आठ घोडपथकं, माझी सोळा. टेबल मांडलं. निळ्या प्लास्टिकच्या पट्टीची पांझरा, तिच्या काठानं काळी माती चिकटवलेली. मी तोफा पुढं काढल्या. त्यानं दोन डाव थांबून बघितलं, एक पथक गमावलं आणि उरलेली सात उचलून सरळ टेबलाच्या कडेवरून बाहेर नेली. सुट्या लढाईत तो शेवटच्या घोड्यापर्यंत अंगावर आला असता.

"पळतो काय भो?"

"उद्या लागतील ना."

वहीत 'निजामाचा विजय' असं लिहिलं. चौथ्या मजलेला त्याच सात पथकांनी माझी रसद मारली.

एक अडचण सांगायलाच हवी, कारण बहुतेक मोहिमा तिथंच बंद पडतात. पहिल्या दणक्यात हरलेला पुढं हरतच जातो आणि मग रविवारी त्याला नेमकं घरी काम निघतं. आमचा तोडगा असा: टेबलावरून उठलेल्या पथकांतली निम्मी लढाई संपल्यावर परत येतात, कारण सगळे मेलेले नसतात, पांगलेलेही असतात. दोन दिवस एका जागी मुक्काम केला तर आणखी काही येतात. पण मुक्काम म्हणजे दोन मजला वाया, शिवाय दाणावैरण खाऊन संपते. हरलेल्यानं थांबावं की चालत राहावं, ह्या एका प्रश्नात आम्ही जेवढा वेळ घालवतो तेवढा लढाईतही घालवत नाही.

सध्या माझी फौज वैजापूरच्या अलीकडे आहे. तोफा दोन मजला मागे राहिल्यात आणि भाचा तीन दिवस झाले काहीच बोलत नाही.