बैठी जीवनशैली

बैठी जीवनशैली म्हणजे जागेपणीचा बराचसा वेळ बसून, रेलून किंवा लोळत काढणं. नुसतं स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्चतं त्याच्या दीडपटीच्या वर ज्या कामात खर्च जात नाही, ते काम बैठं असं संशोधक मोजतात, झोप यात धरत नाहीत. व्यायाम न करणं आणि खूप बसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांची गल्लत नेमकी इथेच होते. पुण्यात पहाटे तळजाईला किंवा हनुमान टेकडीवर चालून येणारा माणूस घ्या, तो नऊला गाडीत बसतो, हिंजवडीच्या आयटी ऑफिसपर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकतो, मग दिवसभर खुर्ची, परत गाडी, आणि घरी आल्यावर जेवणाच्या ताटासकट टीव्हीसमोर सोफा. हा माणूस व्यायाम करणाराही आहे आणि बैठाही आहे, दोन्ही एकाच वेळी.

बसून राहणं वाईट हे आपल्याकडे नवीन नाही. चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, प्रमेहाची (आजचा डायबेटिस यातच धरतात) कारणं सांगताना सुरुवातच 'आस्यासुख' पासून आहे, म्हणजे बसून राहण्याचं सुख. आधुनिक अभ्यासाची सुरुवात मात्र लंडनच्या बसमध्ये झाली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि 1953 मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कंपनी एक, बस एक, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत रोज 500 ते 750 पायऱ्या चढायचा, आणि हृदयविकार कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी निघाला. टपाल खात्यातही तसंच, फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावर बसणाऱ्या क्लार्कना त्रास जास्त.

बसल्यावर आत काय होतं? मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू हे शरीरातले सगळ्यात मोठे साखर खाणारे, ते आकुंचन पावले की रक्तातली साखर इन्सुलिनची (साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनची) वाट न बघताही आत ओढून घेतात. तासन् तास बसलं की हे काम थंडावतं, जेवणानंतरची साखर जास्त वेळ रक्तात राहते, चरबी फोडणारं एन्झाइमही स्नायूंमध्ये मंद होतं. पोटरी हा पायातलं रक्त वर ढकलणारा पंप आहे, तो बंद म्हणजे रक्त पायात साचतं, पाय सुजतात, आणि लांबच्या प्रवासात किंवा खूप वेळ न हलता बसलं तर क्वचित शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, जे जिवावर बेततं. वर्षानुवर्षं असंच चाललं की हृदयविकार, पक्षाघात, बीपी, टाइप 2 डायबेटिस, मोठ्या आतड्याचा आणि स्तनाचा कॅन्सर, डिप्रेशन या सगळ्यांचा धोका वाढतो. पाठ आणि मान दुखते म्हणून लोक जागे होतात, पण पाठ निदान ओरडून सांगते, साखर काहीच सांगत नाही.

'मी तर बारीक आहे, मला काय होणार' असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातलंच एक काम जाणून घ्यायला हवं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबात वजनाचा आकडा, अगदी सारखा 22.3, पण चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! 2004 मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. दिसायला सडपातळ पण पोटाशी चरबी आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची ठेवण, याज्ञिकांच्या अभ्यासात ती जन्मतःच बाळांमध्येही दिसली. म्हणजे ज्या शरीरात साखर खाणारे स्नायू मुळातच कमी आहेत तेच आपण दिवसभर खुर्चीत ठेवतोय, मला तर ही गोष्ट सगळ्यात काळजीची वाटते. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये जगातले 31 टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, भारतात तर जवळपास निम्मे प्रौढ, त्यातही बायकांमध्ये 57 टक्के आणि पुरुषांमध्ये 42. घरात दिवसभर राबणारी बाई ओट्याशी उभी असते, पण उभं राहणं म्हणजे भरभर चालणं नव्हे, आणि तिला स्वतःसाठी अर्धा तास कोणी काढू देत नाही हा प्रश्न तिच्या आळसाचा नाहीये, घरातल्यांनी हे समजून घ्यावं. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, आता कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही टू व्हीलर निघते.

मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, मुलांनी रोज सरासरी तासभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2016 मध्ये 10 लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली तेव्हा दिसलं की रोज 60 ते 75 मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम असेल तर आठ तास बसण्याने वाढलेला मृत्यूचा धोका भरून निघतो. रोज पाच तासांच्या वर टीव्ही बघणाऱ्यांचा मात्र तेवढ्यानेही पूर्ण भरून निघाला नाही. एवढा वेळ नसेल तर निदान मध्ये मध्ये उठावं, फोन आला की चालत बोलावं, जेवण झालं की दहा मिनिटं सोसायटीतच फेऱ्या माराव्यात, त्याने साखरेची उसळी खरंच कमी होते. चालताना छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर आधी डॉक्टर, मग टेकडी. गुडघे दुखणाऱ्यांनी पर्वतीच्या 103 पायऱ्यांनी सुरुवात करू नये, सपाटीवर सारसबागेत चालावं, आणि घरी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं बसणं दहा वेळा, दिवसातून दोन तीनदा, एवढ्याने मांड्यांना काम मिळायला लागतं.