सेकंदाच्या आधीचा ‘पहिला’ कुठे गेला?

इंग्रजीत ‘सेकंड’ म्हणजे दुसरा, आणि मिनिटाचा साठावा भागही ‘सेकंड’च. स्पेलिंग एक, उच्चार एक. हा योगायोग नाही, कारण शब्दच मुळात एक आहे. मग पहिला कोण? मिनिट.

हा हिशेब सुरुवातीला वेळेचा नव्हता, कोनाचा होता. बॅबिलोनियन लोक साठाच्या पटीत मोजत. साठाला २, ३, ४, ५ आणि ६ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे अपूर्णांकांची कटकट कमी. टॉलेमी या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अंशाची विभागणी याच पद्धतीने केली. लॅटिनमध्ये अंशाच्या साठाव्या भागाला ‘पार्स मिनूता प्रीमा’, म्हणजे पहिला बारीक भाग, असे नाव पडले. त्याचे पुन्हा साठ भाग केले की ‘पार्स मिनूता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. लांबलचक नावे वापरून झिजली: पहिल्यातले ‘बारीक’ उरले, दुसऱ्यातले ‘दुसरा’. आपल्याकडच्या कला आणि विकला त्या याच. अंशाच्या आकड्यापुढे कलेला एक तिरकी रेघ आणि विकलेला दोन देतात, तिथे हा पहिला-दुसरा अजून दिसतो.

‘सेकुंदा’ हे ज्याचे रूप, त्या लॅटिन ‘सेकुंदुस’चा मूळ अर्थ ‘मागोमाग येणारा’. ‘सीक्वेल’ आणि ‘सीक्वेन्स’ त्याच धातूचे. संस्कृतातला ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, हा त्याचा दूरचा भाऊबंद. म्हणजे आपला ‘सचिव’ही सेकंदाचा नातलग निघतो! हा शब्द फ्रेंचमधून येण्याआधी इंग्रजीत दुसऱ्याला ‘अदर’चेच जुने रूप वापरत. ‘दुसरा’ आणि ‘वेगळा’ यांना एकच शब्द असल्याने घोळ व्हायचा.

तासाची अशी विभागणी आधी कागदावरच झाली. रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाने १२६७ मध्ये पौर्णिमांच्या वेळा सेकंदाच्याही पुढे, तिसऱ्या आणि चौथ्या भागापर्यंत लिहिल्या. तेवढे मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. १६५६ मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचे घड्याळ बनवले, तेव्हा कुठे सेकंद हाताशी आला, सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला एक सेकंद लागतो. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर टेकलेली आहे. साठाशी तिचा संबंध उरलेला नाही.

साठाची पद्धत आजही चुका करायला लावते, विशेषतः नकाशावर. ४०° ३१′ १२″ हे अक्षांश दशांशात हवे असतील तर कलांना ६० ने आणि विकलांना ३६०० ने भागून अंशात मिळवायचे: ०.५१६७ अधिक ०.००३३, म्हणजे ४०.५२. घाईत थेट ४०.३११२ लिहिले, तर जागा सुमारे २३ किलोमीटर सरकते. ‘दीड तास’ म्हणजे १.३० नव्हे, १.५, हे सगळ्यांना कळते. तीच चूक नकाशावर मात्र पटकन दिसत नाही.

आकाश पाहणाऱ्यांची पंचाईत याहून मोठी. ताऱ्याचे एक स्थानांक तास-मिनिट-सेकंदात देतात, दुसरे अंश-कला-विकलांत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळावर, वेळेचा एक सेकंद म्हणजे १५ विकला. तिथून ध्रुवाकडे सरकावे तसे आकाशातले हे अंतर कमी होत जाते, म्हणून १५ ला त्या ताऱ्याच्या क्रांतीच्या, म्हणजे या वर्तुळापासून तो किती अंश दूर आहे त्या कोनाच्या, कोसाइनने गुणावे लागते. क्रांती ६० अंश असेल, तर उरतात साडेसातच विकला.