होम थिएटर पीसीचे प्लेअर: कोडी, प्लेक्स, जेलीफिन आले कुठून?

टीव्हीला जोडलेल्या संगणकावर कोणता प्लेअर टाकायचा, असं विचारलं की कोडी, प्लेक्स, जेलीफिन, व्हीएलसी, एमपीव्ही ही नावं एका दमात सांगितली जातात. खरं तर त्यांची कामं वेगळी आहेत. व्हीएलसी आणि एमपीव्ही फाइल चालवतात, कोडी संग्रह लावून रिमोटच्या हाती देतो, प्लेक्स आणि जेलीफिन तोच संग्रह एका सर्व्हरवरून घरातल्या सगळ्या पडद्यांवर पोचवतात. ही वाटणी कशी झाली, ते कळलं की निवड बरीच सोपी होते.

गोष्ट सुरू होते मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सपासून. 2001 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आलेल्या या खेळयंत्रात 733 मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर, 64 एमबी मेमरी, हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि नेटवर्कची जोडणी होती. टीव्हीखाली ठेवता येईल असा तयार संगणकच तो. कंपनीचं कुलूप तोडून त्यावर आपले प्रोग्रॅम चालवणाऱ्या हौशी मंडळींनी 2002 मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेअर लिहिला आणि जून 2004 मध्ये त्याचा वारस, एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजेच एक्सबीएमसी, बाहेर आला. सोर्स कोड सगळ्यांना खुला होता. पण तो चालता करायला मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट किट, म्हणजे प्रोग्रॅम बनवण्याची परवान्याने मिळणारी साधनं, लागे, म्हणून प्रकल्प स्वतः फक्त कोडच देत असे.

पुढे हाय-डेफिनिशन व्हिडिओ आला आणि त्या प्रोसेसरचा दम संपला. 2007 पासून एक्सबीएमसी लिनक्सवर नेण्याचं काम सुरू झालं. 2008 च्या अखेरीस आलेली 'अटलांटिस' आवृत्ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालू लागली, आणि 2010 मध्ये ज्या यंत्रासाठी हे लिहिलं त्याचीच साथ सुटली. 2014 मध्ये नावही बदलून कोडी झालं.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टचं विंडोज मीडिया सेंटर होतं: 2002 मध्ये आलेलं, हिरव्या बटणाच्या रिमोटचं, टीव्ही रेकॉर्ड करणारं. ते देखणं होतं, वापरायला सोपं होतं आणि विंडोज 7 पर्यंत अनेक घरांत रोज चाले. 2015 मध्ये विंडोज 10 मधून ते काढून टाकलं गेलं आणि कोड बंदिस्त असल्यामुळे वापरणाऱ्यांना ते पुढे नेता आलं नाही. एक्सबीएमसी मात्र कोड खुला असल्याने मूळ यंत्र सुटल्यावरही चालू राहिला. मला या सगळ्या इतिहासातला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लेक्स 2008 मध्ये एक्सबीएमसीच्या मॅक आवृत्तीतूनच फुटला, पण त्याचा सर्व्हर बंदिस्त राहिला. प्लेक्ससारख्याच एम्बी या सर्व्हरनेही 2018 मध्ये कोड बंद केला, तेव्हा शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून त्याच डिसेंबरात जेलीफिन उभा राहिला.

व्हीएलसीचा उगम वेगळा: 1996 मध्ये पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आवारातल्या नेटवर्कवर व्हिडिओ पाठवण्यासाठी तो सुरू केला. 2001 मध्ये तो खुला झाला. एमपीव्ही हा एमप्लेअर या जुन्या खुल्या प्लेअरच्या घराण्यातला.

दिवाणखान्यातल्या पडद्यावर आणखी एक प्रश्न येतो, तो डेस्कवर फारसा जाणवत नाही. चित्रपट सेकंदाला 23.976 फ्रेमचा आणि टीव्ही 60 हर्ट्‌झचा म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणारा असला, की एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र हिसके खातं. म्हणून चांगला प्लेअर टीव्हीचाच वेग बदलून घेतो. 2011 च्या सुमारास इंटेलचे काही अंगभूत ग्राफिक्स 23.976 ऐवजी बरोबर 24 देत. तेवढ्या फरकानेही साधारण दर 40 सेकंदांनी चित्र एकदा अडखळे. प्लेअर कितीही चांगला असला तरी इथे त्याचा इलाज चालत नसे. मग 2012 मध्ये 35 डॉलरचा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आला. एच.264 व्हिडिओ तो चिपवरच उलगडे, मात्र डीव्हीडीच्या एमपीईजी-2 साठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागे.

मराठी प्रेक्षकाला यात आपली एक अडचण होती, सबटायटलची. जुने प्लेअर देवनागरी अक्षरं नुसती ओळीने मांडत: 'किती' मधली वेलांटी 'क'च्या डावीकडे न येता उजवीकडे जाई, 'प्रश्न' मधली जोडाक्षरं फुटून हलन्त दिसत. लिबास या सबटायटल मांडणाऱ्या लायब्ररीने अक्षरं नीट जुळवणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीची मदत घेतल्यावर हे सुधारलं. एमपीव्ही लिबासच वापरतो, आणि 2023 च्या जानेवारीत आलेल्या कोडी 20 पासून साध्या मजकुराची सबटायटलंही तिच्यातूनच जातात. प्लेअर ठरवण्याआधी जोडाक्षरांनी भरलेली एखादी मराठी एसआरटी फाइल (साध्या मजकुराच्या सबटायटलची) लावून बघा. नेहमीचा फाँट देवनागरीचा नसेल तर तिथेच चौकोन दिसतील, आणि तेवढी सेटिंग बदलावी लागेल.