माथाडी कामगार कायदा (१९६९)

माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. शब्द हमालीतून आला, पण ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ने त्याची व्याप्ती वाढवली. माल चढवणे-उतरवणे, वाहणे, थप्पी लावणे, तोलणे, मापणे, गोण्या भरणे आणि शिवणे, धान्य निवडणे, साफ करणे अशी अंगमेहनतीची कामे करणारे सगळे त्यात येतात. कायद्याच्या भाषेत ते ‘असंरक्षित कामगार’.

गिरणी कामगाराचा मालक कोण, हे गिरणीच्या दारावरच लिहिलेले असे. मुंबईच्या मशीद बंदर किंवा दाणा बंदरातल्या हमालाला तो शोधावा लागे. सकाळी एका पेढीचा ट्रक रिकामा करायचा, दुपारी दुसऱ्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोण्या गाडीत चढवायच्या. मजुरी नगावर, म्हणजे जितकी पोती तितके पैसे. पाय घसरून कंबर मोडली तर प्रत्येक व्यापारी सांगे, हा आमचा नोकर नव्हे. सातारा-पुण्याच्या डोंगरी पट्ट्यातून आणि कोकणातून आलेली ही माणसे टोळीने काम करत. टोळीचा मुकादम बहुधा गावचा किंवा नात्यातला. काम तोच आणी, पैसेही त्याच्याच हातून मिळत. रजा, बोनस, भविष्य निर्वाह निधी हे शब्द या बाजारात कुणाच्या कानी पडले नव्हते.

विखुरलेल्या अशा लोकांची संघटना होणार नाही, असा समज होता. तो मुंबईत अण्णासाहेब पाटील (१९३३–१९८२) यांनी खोटा ठरवला. ते स्वतः सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, माथाड्यांच्याच मुलखातले. टोळी हा त्यांच्या संघटनेचा पाया राहिला, आणि एका गावची टोळी एकदम काम थांबवू शकते, ही तिची मोठी ताकद ठरली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीमार्फत हेच काम केले. हमालांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून तिथे ‘कष्टाची भाकर’ हे केंद्रही उभे राहिले. संप, मोर्चे आणि वाटाघाटींच्या रेट्यातून १९६९चा कायदा झाला.

मालक कोण, हा प्रश्न कायद्याने मंडळ स्थापून सोडवला. किराणा, कापड, लोखंड-पोलाद, रेल्वे माल धक्का अशा व्यवसायनिहाय मंडळांवर मालक, कामगार आणि शासन या तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी असतात. व्यापारी आणि कामगार दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळाकडे भरतो आणि मजुरीवर ठरावीक टक्के ‘लेव्ही’ही भरतो. मंडळ महिन्याचा पगार देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, भरपगारी रजा व औषधोपचार यांची सोय करते. कामगाराने दिवसात पाच पेढ्यांवर काम केले तरी त्याचे खाते एकच राहते. या रचनेतली हुशारी इथेच आहे: हंगामी काम हंगामीच राहिले, हक्क मात्र कायमचे झाले. व्यापारी न्यायालयात गेले, पण मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

पुढे घाऊक बाजार मुंबईतून नवी मुंबईत तुर्भ्याला गेले, त्यांच्यामागे माथाडीही गेले. घणसोली, कोपरखैरणे इथल्या माथाडी वसाहती त्या स्थलांतराची खूण आहेत. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर मंडळाचा कायदा केला. केरळनेही डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी १९७८चा वेगळा कायदा केला.

कायद्याबद्दल तक्रारीही आहेत. नोंदणी टाळणारे आस्थापन, थकलेली लेव्ही, यंत्रांमुळे घटलेले काम, या तक्रारी कामगारांच्या. माथाडीच्या नावाखाली कामात नसलेले लोक पैसे उकळतात, ही उद्योजकांची. ही दुसरी तक्रार पुढे करून २०२३ साली दुरुस्ती विधेयक आले. त्याने मंडळे दुबळी होतील, या भीतीने माथाडी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. खंडणी वसूल करणाऱ्यांवर फौजदारी कारवाई व्हायला हवी. त्यासाठी मूळ कायद्याला हात लावण्याचे कारण दिसत नाही. त्यापेक्षा जुना प्रश्न बायकांचा आहे. धान्य निवडणे, साफ करणे कायद्याच्या व्याख्येत आहे आणि बाजारात हे काम मुख्यतः बायकाच करतात, पण माथाडी म्हटले की अजूनही पाठीवर पोते घेतलेला पुरुषच लोकांच्या डोळ्यांसमोर येतो.