आधी घेतलं, महाग पडलं: एका जुन्या रागाची पार्श्वभूमी

नवं उपकरण बाजारात आल्या आल्या घ्यायचं आणि दोन महिन्यांत त्याचा भाव कोसळलेला पाहायचा. अशा माणसाला सगळीकडून एकच प्रश्न ऐकावा लागतो: एवढी घाई कशाला केलीत? या प्रश्नाने मूळ तक्रार बाजूलाच पडते. तंत्रज्ञान पुढे स्वस्त होतं, हे पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याला इतर कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्याची तयारीही असते. त्याचं म्हणणं एवढंच असतं, की भाव कधी उतरवायचा हे विकणाऱ्याच्या हातात होतं आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. ही तक्रार निदान ऐंशी वर्षं जुनी आहे. तिला उत्तर द्यायची पद्धत मात्र बरीच अलीकडची.

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिम्बेल्स या दुकानात मिल्टन रेनॉल्ड्स यांचं बॉलपेन विक्रीला आलं. किंमत साडेबारा डॉलर. आधुनिक बॉलपेनचे जनक लास्लो बिरो यांची पेनं रेनॉल्ड्स यांनी अर्जेंटिनात पाहिली होती आणि बिरोंचे हक्क विकत घेतलेल्या कंपनीच्या आधीच त्यांनी आपलं पेन दुकानात पोचवलं. पाण्याखालीही लिहितं, दोन वर्षं शाई भरावी लागत नाही, अशी जाहिरात होती. पहिल्याच दिवशी सुमारे १०,००० पेनं खपली. मग मेसीज हे शेजारचं प्रतिस्पर्धी दुकान स्पर्धेत उतरलं, इतर उत्पादकही आले आणि दोन-तीन वर्षांत बॉलपेन एका डॉलरच्याही खाली मिळू लागलं. पहिल्या दिवशी साडेबारा डॉलर मोजणाऱ्यांची पेनं अनेकदा गळायचीही. पण त्यांनी तक्रार करायची कुणाकडे? गल्ल्यावर रोख पैसे देऊन गेलेल्या माणसाचं नावसुद्धा कारखानदाराला माहीत नव्हतं. चूक कुणाची, फरक कुणी भरून द्यायचा, हे प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

रंगीत टीव्हीच्या पहिल्या ग्राहकांची गत याहून वाईट झाली. आरसीए कंपनीचा सीटी-१०० हा संच १९५४ च्या वसंतात १,००० डॉलरला आला. पडदा १५ इंची, रंगीत कार्यक्रम मोजकेच. मोठ्या पडद्यांचे संच येऊ लागले आणि त्याच ऑगस्टमध्ये आरसीएने किंमत ४९५ डॉलरवर आणली. काही महिन्यांत निम्म्याहून कमी! टीव्ही ही तेव्हा घरातली सगळ्यात महाग वस्तू होऊ शकत होती, म्हणजे हा फटका किरकोळ नव्हता.

१९७० च्या दशकात हे नित्याचं झालं. ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ मध्ये ३९५ डॉलरला आला, पुढे २९५ झाला, मग १९५. स्लाइड रूल ही आकडेमोडीची सरकती पट्टी टाकून तो घेणाऱ्या अभियंत्यांची कामं त्याने खरोखर सोपी केली, त्यामुळे अनेकांना आपले पैसे वाया गेले असं वाटलं नसावं. साध्या कॅल्क्युलेटरांच्या बाजारात मात्र इतकी कापाकापी झाली की बोमार ही आघाडीची कंपनी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. डिजिटल घड्याळांचंही तेच. १९७२ चं पल्सर हे घड्याळ सोन्याचं होतं आणि २,१०० डॉलरला होतं. पाच वर्षांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं प्लॅस्टिकचं घड्याळ १० डॉलरच्या आत आलं. दोन्ही वस्तू एकसारख्या नव्हत्या हे खरं, पण लाल आकड्यांत वेळ दाखवण्याची अपूर्वाई संपली ती संपलीच. घरगुती संगणकांमध्ये १९८२-८३ साली हीच लढाई झाली. ५९५ डॉलरचा कमोडोर ६४ वर्षभरात २०० च्या आसपास आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ५२५ डॉलरचा संगणक ९९ वर आला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये कंपनीने त्या धंद्यातून अंगच काढून घेतलं.

भाव इतक्या वेगाने का उतरतात, याची दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिलं उत्पादनातलं. थिओडोर राइट या अभियंत्याने १९३६ मध्ये विमान-उत्पादनाचे आकडे तपासून दाखवलं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की प्रत्येक विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी घटते. हात सरावतात, वाया जाणारा माल कमी होतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही घट त्याहूनही वेगवान. अशी किंमत उतरते तेव्हा कुणी कुणाला फसवलेलं नसतं.

दुसरं कारण आखणीतलं. जोएल डीन या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये नव्या वस्तूची किंमत ठरवण्याच्या दोन रीती मांडल्या. एक, सुरुवातीपासून भाव कमी ठेवून बाजार पटकन व्यापायचा. दुसरी, आधी वरची साय काढायची. ज्याला थांबवत नाही त्याच्याकडून जास्त घ्यायचं, मग टप्प्याटप्प्याने भाव खाली आणायचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कारणांनी झालेली घसरण सारखीच दिसते. पहिल्या ग्राहकाचा राग असतो तो या दुसऱ्या कारणावर, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

यात कंपनीचीही एक अडचण आहे. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये ती नेमकी दाखवली. टिकाऊ वस्तू विकणारी मक्तेदार कंपनी खरी स्पर्धा करते ती स्वतःच्याच उद्याशी. उद्या भाव उतरणार असं ग्राहकाला कळलं तर तो आज घेणारच नाही. म्हणजे पहिल्या ग्राहकाला झालेला मनस्ताप त्याच्यापुरता राहत नाही. तो पाहून बाकीचे थांबायला शिकतात. कंपन्यांनी पुढे नुकसानभरपाई देऊ केली त्यामागे सद्भावना असेलही, पण हे गणितही होतंच. शिवाय न्याय-अन्यायाचं माप माणसं आधीच्या व्यवहारावरून काढतात. डॅनियल कानेमान, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांच्या १९८६ च्या पाहणीत हिमवादळानंतर बर्फ उपसायच्या फावड्याची किंमत १५ वरून २० डॉलर करणं ८२ टक्के लोकांना अन्यायाचं वाटलं होतं. फरक पाचच डॉलरचा होता. लोकांना खटकलं ते विक्रेत्याने गरजेचा फायदा उठवणं.

उत्तर देण्याची पद्धत व्हिडिओ गेमच्या धंद्यात घडली. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा गेम कन्सोल १४ मार्च २००२ रोजी युरोपात आला. ब्रिटनमध्ये २९९ पौंड. विक्री थंड, म्हणून सहा आठवड्यांत किंमत १९९. आधी घेणाऱ्यांना कंपनीने दोन गेम आणि एक जादा कंट्रोलर फुकट दिला. पैसे परत नाहीत, वस्तू घ्या. हा साचा पुढे बराच वापरला गेला.

सगळ्यात गाजलेला प्रसंग अर्थातच ॲपलच्या पहिल्या आयफोनचा. २९ जून २००७ रोजी तो अमेरिकेत आला. ४ जीबीचा ४९९ डॉलरला, ८ जीबीचा ५९९ ला, वर एटी अँड टी या मोबाइल सेवा कंपनीचा दोन वर्षांचा करार. ६८ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ८ जीबीची किंमत ३९९ केली आणि ४ जीबीचा फोन बंद केला. दुकानांबाहेर रांगा लावलेल्या, कंपनीवर जीव टाकणाऱ्या ग्राहकांच्या ईमेल धडाधड येऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिलं. त्याचे दोन भाग एकमेकांशी भांडतात. आधी ते किंमत उतरवण्याचं समर्थन करतात: सणासुदीचा हंगाम तोंडावर आहे, जास्त लोकांपर्यंत पोचायचं आहे, आणि तंत्रज्ञानात भाव उतरण्याच्या आदल्या दिवशी घेणारा कुणीतरी असतोच. मग ते म्हणतात की सुरुवातीच्या ग्राहकांनी आमच्यावर विश्वास टाकला आणि त्याला आम्ही जागलं पाहिजे. १४ दिवसांच्या आत घेणाऱ्यांना पूर्ण २०० डॉलरचा फरक मिळणार होता. बाकीच्यांना १०० डॉलरचं क्रेडिट, तेही ॲपलच्याच दुकानात खर्च करायचं. राग निवळला. काहीच दिवसांत दहा लाखावा आयफोन विकला गेल्याचं कंपनीने सांगितलं.

माझ्या मते या प्रसंगातली खरी नवी गोष्ट क्रेडिटची रक्कम नव्हे. आयफोन संगणकावरच्या आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्रॅममधून सुरू करावा लागत असे, म्हणजे कोणता फोन कुणाच्या हातात आहे याची नोंद होती. पेन विकणाऱ्या रेनॉल्ड्सना आपला ग्राहक माहीत नव्हता. ॲपलला होता. ‘आता कुणाला शोधत बसणार’ ही सबब तिथे संपली.

याच आयफोनची पुढची आवृत्ती जुलै २००८ मध्ये १९९ डॉलरला आली. आणखी २०० ची घसरण, असं वाटेल. पण त्याच वेळी महिन्याचा डेटा प्लॅन २० वरून ३० डॉलर झाला. दोन वर्षांच्या करारात हे २४० डॉलर होतात, म्हणजे कमी झालेली किंमत बिलातून पुन्हा वसूल. भाव उतरला की नाही, हे लेबल पाहून सांगता येईनासं झालं ते या काळापासून.

निन्टेंडोने २०११ मध्ये केलेली भरपाई मला आजवरची सर्वांत विचारपूर्वक वाटते. थ्रीडीएस हा हातातला गेम कन्सोल फेब्रुवारीत जपानमध्ये २५,००० येनला आणि मार्चमध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात जेमतेम ७.१ लाख खपले. २८ जुलैला कंपनीने किंमतकपात जाहीर केली: ऑगस्टपासून १५,००० येन, १६९.९९ डॉलर. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी आधीच्या ग्राहकांची माफी मागितली आणि स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. कपात लागू होण्याआधी ज्यांनी आपला कन्सोल एकदा तरी कंपनीच्या ऑनलाइन दुकानाशी जोडला, त्यांना ‘ॲम्बेसेडर’ ठरवून वीस जुने गेम मोफत देण्यात आले. पावती दाखवायची गरज नाही, अर्ज नाही. त्यांतले गेम बॉय ॲडव्हान्सचे दहा गेम पुढे थ्रीडीएसवर इतर कुणाला विकतसुद्धा मिळाले नाहीत. ८० डॉलरचा फरक यातून भरून निघाला का, यावर वाद होऊ शकतो. पण आधी येणाऱ्याकडे असं काहीतरी राहिलं जे नंतर येणाऱ्याला मिळणार नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात ह्युलेट-पॅकार्डच्या टचपॅडचं जे झालं त्याला भावकपात म्हणणंही जड जातं. १ जुलैला ४९९.९९ डॉलरला आलेला टॅबलेट १८ ऑगस्टला बंद केल्याचं जाहीर झालं आणि दोन दिवसांत ९९ डॉलरला विकला जाऊ लागला. इथे पैसे गेलेच, शिवाय पुढे नवी ॲप्स कोण बनवणार, हाही प्रश्न उरला.

या सगळ्यात ग्राहकाच्या हाती नियमाने काय आलं? फार थोडं. युरोपीय संघात २०१४ पासून ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. त्या मुदतीत भाव पडला तर परत करून पुन्हा घ्यायची वाट मोकळी आहे. सवलत दाखवताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमतही दाखवावी, असा नियम तिथे २०२२ पासून लागू झाला. पण तो फुगवलेल्या सवलतींना आळा घालण्यासाठी आहे, पहिल्या ग्राहकाला त्याचा उपयोग नाही. उलट स्वेच्छेने दिलेल्या सोयी आटत गेल्या. ३० दिवसांत भाव उतरला तर फरक परत, ही ॲमेझॉनची सोय २००८ मध्ये बंद झाली. अमेरिकेतली अनेक क्रेडिट कार्डं असा फरक देत असत. फरकाचा दावा आपोआप करणारी ॲप्स आली, दावे वाढले आणि २०१८-१९ च्या सुमारास बऱ्याच बँकांनी ती सोय काढून टाकली. लोक विसरतात या भरवशावर दिलेलं आश्वासन लोक विसरेनासे होताच मागे घेतलं गेलं, याचा मला खरंच राग येतो.

आणि ग्राहकाची संपूर्ण नोंद असलेली कंपनीही नाही म्हणू शकते. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने चीनमध्ये तीन महिन्यांत दुसऱ्यांदा गाड्यांच्या किमती उतरवल्या. सरकारी अनुदान ३१ डिसेंबरला संपणार म्हणून अनेकांनी वर्षअखेरीस घाईने गाडी घेतली होती. शांघाय, चेंगडू अशा शहरांत हे ग्राहक शोरूमसमोर जमले. कोणती गाडी कुणी, कधी, केवढ्याला घेतली, हे कंपनीला तारखेनिशी माहीत होतं. भरपाई देण्याचा विचार नाही, असं उत्तर मिळालं. पुढे त्याच किंमतयुद्धात काही चिनी कार-कंपन्यांनी उलटी वाट धरली: ठरावीक मुदतीत आमचा भाव उतरला तर फरक परत देऊ, असं त्यांनी विक्रीच्या वेळीच जाहीर करायला सुरुवात केली.